शेजारच्या भाषेतील कविता

गुजरातमध्ये स्थिरावलेल्या आपल्या मराठी कुटुंबांत एक अलिखित नियम आहे. नाटक, भजन, गणेशोत्सव यांत हौसेने भाग घ्यावा. राजकारणावर मात्र चारचौघांत बोलू नये. संजाण बंदरावर उतरलेल्या पारशांची दुधातल्या साखरेची गोष्ट वडिलांनी आम्हां भावंडांना अनेकदा सांगितली, आणि दर वेळी तिचे तात्पर्य हेच काढले. कतारगाममध्ये राहून मी तो नियम जन्मभर पाळला. २०२१ च्या उन्हाळ्यात एका कवितेने मला त्याचा फेरविचार करायला लावले.

त्या वर्षी एप्रिलमध्ये माझा मावसभाऊ गेला. त्याचे दहन तापीकाठच्या अश्विनीकुमार स्मशानभूमीत झाले. कर्णाचे दहन याच भूमीवर झाले, अशी तेथील आख्यायिका आहे आणि तेथला तीन पानांचा वड पाहायला लोक श्रद्धेने येतात. त्या दिवशी मात्र वडाकडे पाहण्याची कोणाला उसंत नव्हती. आमच्या आधी किती जण आहेत, एवढेच प्रत्येक जण विचारत होता. गॅसदाहिन्या अहोरात्र पेटत राहिल्याने आतील लोखंडी भाग वितळल्याच्या बातम्या त्याच सुमारास वर्तमानपत्रांत आल्या. मी घरी परतलो, स्नान केले, आणि पाहिलेले कोणाला सांगितले नाही.

११ मे २०२१ रोजी अमरेलीच्या कवयित्री पारुल खक्कर यांनी 'शबवाहिनी गंगा' ही चौदा ओळींची कविता समाजमाध्यमावर प्रसिद्ध केली. बिहार-उत्तर प्रदेशात गंगेत प्रेते वाहत आल्याच्या वार्ता नुकत्याच आल्या होत्या. कविता थेट राज्यकर्त्याला उद्देशून होती. हिऱ्यांच्या कारखान्यांमुळे कतारगामात सौराष्ट्रातील, विशेषतः अमरेली-भावनगरकडील कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे ही कविता आमच्या जिन्यात शेजाऱ्याच्या फोनवरून माझ्याकडे आली. लगेच त्याने विचारलेही, "काका, वाचली का?" मी 'वाचली' एवढेच म्हणालो.

खक्करबाईंची ओळख तोवर गीत आणि गझल लिहिणारी कवयित्री अशी होती. राजकीय कवितेशी त्यांचे नाव जोडले गेलेले नव्हते. म्हणूनच कदाचित रोष अधिक झाला. समाजमाध्यमांवर त्यांना शिवीगाळ झाली. गुजरात साहित्य अकादमीच्या 'शब्दसृष्टि' या मुखपत्राच्या जून २०२१ च्या अंकातील संपादकीयात, कवयित्रीचे नाव न घेता, ही कविता पसरवणाऱ्यांना 'साहित्यिक नक्षल' म्हटले गेले. त्याचा निषेध करणाऱ्या पत्रकावर गुजरातमधील दीडशेहून अधिक व्यक्तींनी सह्या केल्या. कवितेची अनेक भारतीय भाषांत भाषांतरे झाली.

मीही वहीत माझ्यापुरते मराठी रूपांतर करू लागलो आणि शीर्षकापाशीच अडलो. गुजरातमध्ये 'शबवाहिनी' हा पालिकेच्या गाडीवर रंगवलेला, रोजचा शब्द आहे. तो गंगेशेजारी ठेवताच नदीची गाडी होते. कवितेचा सारा आघात तेथे आहे. मराठीत 'शववाहिनी' लिहिले की शब्द संस्कृताकडे झुकतो आणि गाडी दिसेनाशी होते. त्या एका शब्दाशी झगडताना मला जाणवले की मी भाषांतर करीत नसून अश्विनीकुमारला पाहिलेलेच सांगू पाहत होतो. खासगी दुःख आणि राजकीय कविता यांच्यामध्ये आपण घालतो ती भिंत पुष्कळदा आपल्या सोयीची असते.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि पुढे ते निर्दोष सुटले. त्यांच्या कवितेतील एकट्या माणसाची तडफड ही महायुद्धोत्तर यंत्रयुगाची साक्षही होती, हे आज सर्वमान्य आहे. सुरतेपुरते बोलायचे तर कवी नर्मदने १८६४ मध्ये 'दांडियो' हे पाक्षिक काढून आपल्याच समाजाचे वाभाडे काढले. आज या शहरातील विद्यापीठ त्याचे नाव मिरवते. गेलेल्या कवीचा निर्भीडपणा अभिमानाने सांगणे सोपे आहे. हयात कवीच्या बाजूला उभे राहणे अवघड.

खक्करबाईंची प्रत्येक ओळ मला पटते असे नाही. एवढ्या मोठ्या आपत्तीचा दोष एकाच माणसावर ठेवता येतो का, हा प्रश्न मला आजही पडतो. परंतु असहमती दाखवण्यासाठीही आधी कविता वाचली पाहिजे, चारचौघांत वाचली पाहिजे. त्या वर्षी आमच्या मंडळाने दिवंगतांसाठी दूरध्वनीवरून श्रद्धांजलीची बैठक घेतली, तेव्हा वही माझ्यासमोर उघडी होती. माझी पाळी आली आणि मी ज्ञानेश्वरीवर चार शब्द बोलून थांबलो. मला कोणी अडवले नव्हते. 'आपण पाहुणे' ही तीन पिढ्यांची सवय तेवढी आडवी आली.

ज्या मातीत आपली माणसे जळली, तेथे आपण पाहुणे कसे? रूपांतर अजून अपुरे आहे; शीर्षक मी शेवटी 'शबवाहिनी' असेच, गुजराती रूपात, ठेवले आहे. पुढील मासिक बैठकीत ते वाचण्याची परवानगी मी मागितली आहे. ज्यांना ते पटणार नाही त्यांनी अवश्य यावे आणि तसे बोलावे.