योग्य तिकीट

पैसे मोजले की वस्तू आपली झाली, हा बाजारातला नियम आपल्या अंगी इतका मुरलेला असतो की आगगाडीच्या तिकिटासही आपण नकळत तोच लावतो. मालवणच्या बाजारात बांगडे घेतले, पैसे दिले, पिशवीत घातले. मग ते तळावे की त्यांचे तिखले करावे, आज खावे की उद्या, हे विचारण्याचा अधिकार कोळणीस उरत नाही. तिकीटही तसेच विकत घेतले जाते, तेव्हा ते घेणाऱ्याने आपल्या सोयीप्रमाणे वापरावे, असे आमचेही प्रामाणिक मत होते. या मताची किंमत आम्हांस गेल्या वर्षी रोख मोजावी लागली, आणि त्याहून अधिक किंमत आमच्या मावशीस मोजावी लागली, म्हणून हा लेख.

आमच्या मालवणास रेल्वे नाही. १९९८ सालच्या २६ जानेवारीस कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, परंतु ती धावली सह्याद्रीच्या बाजूने. किनाऱ्यावरच्या आम्हां लोकांस चौके, धामापूर करीत कुडाळ गाठावे लागते. मावशीचे वय आता अठ्ठ्याहत्तर. कवळ्याच्या शांतादुर्गेस ओटी भरायची, हे तिचे कित्येक दिवसांचे बोलणे होते. तेव्हा एके दिवशी पहाटेची एसटी धरून आम्ही दोघे कुडाळास आलो. तिकीटखिडकीपुढची रांग टाळावी म्हणून स्थानकाच्या अलीकडेच थांबून आम्ही फोनवर मडगावची दोन साधी तिकिटे काढली. फोनने गाडीचा प्रकार विचारला, तेव्हा 'मेल-एक्स्प्रेस' यावर बोट ठेवले. एक्स्प्रेसने जायचे, एक्स्प्रेसचे तिकीट काढले. यात विचार करण्यासारखे काही आहे, हे मनासही शिवले नाही. थोड्या वेळाने कोकणकन्या आली, देवदयेने मावशीस खिडकीजवळ जागा मिळाली, आणि सावंतवाडी मागे पडेपर्यंत सारे सुखाचे होते.

तिकीट तपासनीस आले ते तरुण व सभ्य गृहस्थ होते. फोन पाहून त्यांनी शांतपणे सांगितले की, हे तिकीट या गाडीस चालत नाही. ही गाडी सुपरफास्ट आहे. आम्ही वाद घालून पाहिला. नावात एक्स्प्रेस आहे, तिकिटावर एक्स्प्रेस आहे, मग उणे काय? ते म्हणाले, "उणा अधिभार आहे, काका. तो भरला नाही तर या गाडीपुरते तिकीट अपुरे." अधिभार तो काय, दुसऱ्या वर्गास माणशी १५ रुपये! परंतु वेळीच न भरल्याने त्यावर जो जादा आकार बसला, तो त्याच्या कितीतरी पट होता. आम्ही पैसे दिले, त्यांनी पावती फाडून दिली व ते पुढे गेले.

पैशाचे दुःख पेडणे येईपर्यंत ओसरले. मावशीचे ओसरले नाही. समोरच्या बाकावरची माणसे आपल्याकडे पाहत आहेत, असे तिला वाटत राहिले. पदर सावरून ती खिडकीबाहेर बघत बसली आणि बऱ्याच वेळाने हलक्या आवाजात म्हणाली, "तिकीट काढलला ना? मग मी चोर कशी?"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिची तिकिटाची कल्पना बोटीच्या काळातली. मुंबईहून निघालेली आगबोट मालवणच्या बंदराबाहेर उभी राही, पडावातून उतारू किनाऱ्यास येत. बोट यायची ती एकच. तेव्हा तिकीट आहे की नाही, एवढाच प्रश्न संभवे. आहे परंतु योग्य नाही, ही तिसरी अवस्था त्या जगात तिला कधी भेटली नव्हती. आज मात्र त्याच दोन रुळांवरून मांडवी जाते, तुतारी जाते, दिवा-सावंतवाडी जाते आणि कोकणकन्याही जाते. यांपैकी कोकणकन्या पूर्वी साधी एक्स्प्रेस होती; २०२२ सालापासून ती सुपरफास्टांत गणली जाऊन तिचा क्रमांकही बदलला. रुंद रुळांवर ताशी सरासरी ५५ किलोमीटर वा त्याहून अधिक वेग असला की गाडीस ही पदवी मिळते. डबे ओळखीचे, नाव ओळखीचे, केवळ पदवी बदललेली. आणि वर्षानुवर्षे त्या गाडीने जाणाऱ्या आमच्यासारख्यांस त्याचा पत्ता नाही!

घरी परतल्यावर आम्ही हा विषय थोडा खोलात जाऊन पाहिला, तेव्हा ध्यानात आले की तिकीट ही वस्तू नव्हेच. तो एक मर्यादित करार आहे. त्याची पहिली मर्यादा गाडीची, ती आम्ही अनुभवली. दुसरी वेळेची. २०१६ सालच्या मार्चपासून १९९ किलोमीटरांपर्यंतच्या अनारक्षित तिकिटावर प्रवासास आरंभ करावयाचा तो तिकीट निघाल्यापासून तीन तासांत, किंवा त्या ठिकाणी जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत; यांतील जे नंतर घडेल ते धरावयाचे. एकच तिकीट दिवसभर अनेकांच्या हातून फिरू नये, हा त्यातील हेतू. 'पहिली गाडी' हे शब्द मुंबईकरास निरर्थक वाटतील, परंतु जेथे दोन गाड्यांच्या मध्ये अर्धा दिवस जातो, तेथल्या उतारूचे सारे संरक्षण त्या दोन शब्दांत आहे. तिसरी मर्यादा जागेची. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाचे ५१ वे कलम सांगते की, तिकीट दिले जाते ते गाडीत जागा असेल या अटीवरच. गणपतीच्या दिवसांत तिकीट खिशात असूनही फलाटावर राहिलेल्या चाकरमान्यास हे कलम कोणी वाचून दाखवीत नाही. तो बिचारा ते भोगून शिकतो.

हा घोटाळा आमच्याच कोकणपट्टीचा असेल, असे वाटून आम्ही लंडनला राहणाऱ्या भाच्यास सहज ही हकीकत कळविली. त्याचे उत्तर मोठे मौजेचे आले. ज्या १९९८ साली आमची कोकण रेल्वे पुरी झाली, त्याच साली तिकडे पॅडिंग्टन स्थानकापासून विमानतळाकडे जाणारी 'हीथ्रो एक्स्प्रेस' सुरू झाली. पॅडिंग्टनहून विमानतळास जाणारी दुसरीही गाडी आहे, ती एलिझाबेथ लाईनची. स्थानक एक, गंतव्य एक, बरीचशी वाटही एक. परंतु भाडे निराळे. शहरभर फिरण्याचे जे ट्रॅव्हलकार्ड भूमिगत रेल्वेने थेट विमानतळापर्यंत चालते, ते या एक्स्प्रेसमध्ये चालत नाही. खिशातल्या कार्डाच्या भरवशावर, सामान घेऊन, विमानाच्या काळजीत धावतपळत येणारा पाहुणा समोर उभी असलेली पहिली गाडी धरतो आणि पुढे तपासणीच्या वेळी ओशाळतो. "मावशीआजीला सांग," भाच्याने लिहिले होते, "की इथे साहेबसुद्धा असाच सापडतो."

मावशीस हे वाचून दाखविले तेव्हा ती हसली. परंतु तिच्या प्रश्नाचे उत्तर ते नव्हे. ते उत्तर आम्हांस त्याच अधिनियमात सापडले. ५५ वे कलम उतारूपाशी नुसते तिकीट मागत नाही, 'योग्य' तिकीट मागते. ते नसेल त्याच्यासाठी पुढे दोन स्वतंत्र कलमे आहेत. १३७ वे आहे ते फसविण्याच्या हेतूने चढणाऱ्यासाठी. त्यात तुरुंगवासही आहे. १३८ वे आहे ते ज्याचे तिकीट त्या प्रवासास पुरे पडत नाही त्याच्यासाठी. त्यात फरक आणि आकार वसूल करण्याची तरतूद आहे. म्हणजे चोर आणि चुकलेला यांच्यामध्ये कायद्याने स्वतः रेघ ओढलेली आहे. ती रेघ समोरच्या बाकावरच्या माणसांस दिसत नाही. आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हांसही दिसली नाही. नाहीतर मावशीस आम्ही तेथेच सांगितले असते की, बाई, तू चोर नव्हेस. चूक झाली ती आमच्या बोटाची.

रेल्वेने नियम कमी करावेत, असे आम्ही म्हणणार नाही. जलद गाडीस अधिक दाम पडावा, हे न्याय्यच आहे. परंतु जो नियम मोडल्याने माणसाची चारचौघांत मान खाली जाते, तो त्यास मान खाली घालावी लागण्यापूर्वी समजला पाहिजे. आणि हे काम रेल्वेइतकेच आम्हां शिकलेल्यांचेही आहे. घरातली वडील माणसे आमच्या भरवशावर गाडीत चढतात. त्यांच्या हाती आम्ही फोन दाखवितो, परंतु त्यावर काय लिहिले आहे ते वाचून दाखवीत नाही.

त्या वेळी कवळ्यास ओटी भरून दुसऱ्या दिवशी आम्ही मांडवीने परतलो. मडगावच्या फलाटावर मावशीने आमचा हात धरून थांबविले. "ह्या तिकीट ह्या गाडयेक चालता मां?" आम्ही चष्मा लावला, तिकिटावरचे अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचले, गाडीचा प्रकार ताडून पाहिला आणि मग चालते म्हणून सांगितले. तेव्हा कुठे तिने पायरीवर पाऊल ठेवले.