आयपीव्ही६ मी आता बंद करत नाही

नवा लिनक्स सर्व्हर उभा केला की आधी आयपीव्ही६ बंद करायचं, अशी माझी कित्येक वर्षांची रीत होती. कर्नलच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकली की काम झालं. जे वापरात नाही ते उघडं ठेवायचं नाही, हे त्यामागचं तत्त्व मी आजही सोडलेलं नाही. विंडोज सर्व्हरवर एसएमबीची पहिली आवृत्ती दिसली तर मी ती काढतोच. मे २०१७मध्ये वॉनाक्राय तिच्यातल्याच भोकातून जगभर पसरला होता. आयपीव्ही६ला मात्र मी त्या यादीतून वगळलं आहे.

माझा जुना आग्रह फायरवॉलपायी होता. आयपीटेबल्सचे नियम फक्त आयपीव्ही४ला लागू होतात, आयपीव्ही६चे वेगळे लिहावे लागतात. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं, असे सर्व्हर मी पाहिले आहेत. पण एनएफटेबल्समध्ये ‘आयनेट’ प्रकारचं एकच टेबल दोन्ही प्रोटोकॉलना पुरतं. ते हाताशी आल्यावर माझ्या आग्रहाला फारसा आधार उरला नाही.

शिवाय बंद करणंही फुकट पडत नाही. कर्नल बूट होतानाच आयपीव्ही६ काढून टाकलं, तर उबुंटूवर एन्जिनएक्स मूळ कॉन्फिगरेशनसह सुरूच होत नाही, कारण त्यात आयपीव्ही६वर ऐकण्याची ओळ असते. मायक्रोसॉफ्टही विंडोजवर ते बंद करू नका, हवं तर आयपीव्ही४ला प्राधान्य द्या, असंच सांगते.

पण माझं मन खऱ्या अर्थानं वळलं ते सर्व्हरकडे येणाऱ्या माणसांचा विचार केल्यावर. आयपीव्ही४चे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जागतिक पातळीवरचा मोकळा साठा फेब्रुवारी २०११मध्येच संपला. म्हणून मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एका आयपीव्ही४ पत्त्यामागे बसवतात. त्याच फोनला बहुतेकदा स्वतःचा आयपीव्ही६ पत्ताही असतो. २०१६मध्ये जिओ आल्यापासून भारतात हे सर्रास झालं. माझा सर्व्हर आयपीव्ही६वर बोलतच नसेल, तर त्या फोनला सामायिक पत्त्यामागूनच यावं लागतं. त्या पत्त्यावरून कुणी पासवर्ड फोडायचा प्रयत्न केला आणि फेलटूबॅननं पत्ता अडवला, की त्याच पत्त्यामागून परीक्षेचा फॉर्म भरणारी सांगलीची मुलगीही अडते. तिला कारण कळत नाही आणि माझ्या लॉगमध्येही ती वेगळी दिसत नाही. सुरक्षेच्या नावाखाली हे होणं मला मान्य नाही.

एक गोष्ट तळमळीनं सांगतो: आयपीव्ही६च्या फायरवॉलमध्ये आयसीएमपी सरसकट अडवू नका. शेजारच्या यंत्राचा पत्ता शोधणं त्यावरच चालतं. वाटेतले राउटर पॅकेटचे तुकडे करत नाहीत. पॅकेट मोठं झाल्याचा निरोप आयसीएमपीनंच परत येतो. तो अडला की छोटी पानं उघडतात आणि मोठी फाइल अर्ध्यावर लटकते.

जिथे सेवा पुरवणारी कंपनी आयपीव्ही६ देतच नाही, तिथे मी डीएनएसमध्ये क्वाड-एची नोंद करत नाही. कर्नलला मात्र हात लावत नाही, आणि यंत्राचा आतला ::१ हा पत्ताही चालू ठेवतो.