बंबाच्या पोटातली कांडी

"अहो, या पाण्याला अंड्याचा वास येतोय!"

आमच्या घरात तीन पिढ्यांत अंडं शिरलेलं नाही, आणि हिच्या शाम्पू लावलेल्या केसांना सडक्या अंड्याचा दर्प. गाव युमा, ॲरिझोना. तारीख १४ जानेवारी. बाहेर सात-आठ अंश. उरलेले केस तिने गार पाण्याने धुतले आणि दुपारपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलली.

ह्यूस्टनची नोकरी संपल्यावर आम्ही जुनी मोटरहोम घेतली, तिला चार वर्षं झाली. विकणाऱ्याने तासभर सगळं फिरून दाखवलं, त्यातला बराच वेळ टीव्हीवर गेला. पाणी तापवायच्या टाकीचं दार बाहेरच्या अंगाला असतं, त्यावर त्याने नुसती टिचकी मारली आणि पुढे सरकला. मीही ते दार नंतर कधी उघडलं नाही. बटण दाबलं की गरम पाणी येतं, मग उघडायचं कशाला?

हिवाळ्यात युमाला उत्तरेकडची म्हातारी मंडळी थंडी चुकवायला उतरतात. शेजारच्या गाडीतले आजोबा मिनेसोटाचे, आयुष्यभर ट्रक चालवलेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला : गार पाण्यालाही वास येतो का? नाही, फक्त गरम पाण्याला. "म्हणजे टाकीच. ॲनोड शेवटचा कधी बदलला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जमिनीत पुरलेल्या पाइपलाइनला गंज लागू नये म्हणून शेजारी मॅग्नेशियमचे ठोकळे पुरायचे, ते किती झिजले याचा हिशेब ठेवायचा, यावर मी सव्वीस वर्षं पगार घेतला. पोलादापेक्षा मॅग्नेशियम आधी झिजायला तयार असतं, म्हणून पोलाद वाचतं. तसाच ॲनोड, म्हणजे मॅग्नेशियमची कांडी, माझ्या आंघोळीच्या पाण्यात बुडालेली होती आणि मला पत्ता नव्हता. सगळ्याच टाक्यांत ती असते असंही नाही. सबर्बन कंपनीच्या टाक्या आतून काचेसारखा मुलामा दिलेल्या पोलादाच्या, त्यांना कांडी लागते. ॲटवुडच्या ॲल्युमिनियमच्या, त्यांना लागत नाही. आमची पोलादी निघाली. सहा गॅलनची, म्हणजे साधारण तेवीस लिटर.

रात्री गॅस आणि वीज दोन्ही बंद करून टाकी गार होऊ दिली. सकाळी बाहेरचा नळ आणि पंप बंद केला, आतला गरम पाण्याचा नळ उघडून दाब काढला. आजोबांनी हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. दाब असताना कांडी सैल केली तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते आणि मागून उकळतं पाणी अंगावर येतं. मग सव्वा हात लांब दांड्याला एक इंच आणि वर एक सोळांश इंचाचा पाना लावला. हलेना. मी जोर लावला, तर कांडीऐवजी गाडीच डुलायला लागली. आतून आवाज आला, "अहो, चहा सांडला!" शेवटी आजोबांनी दांड्याच्या टोकाला पाइपाचा तुकडा अडकवला. 'कर्र' झालं आणि आटे सुटले.

पहिल्यांदा गढूळ पाण्याचा लोट आला, मग पांढरे पापुद्रे. हुबेहूब भिजवलेले पातळ पोहे. कोलोरॅडो नदीचं पाणी जड, त्याचा चार वर्षांचा क्षार टाकीच्या तळाशी बसला होता. पाठोपाठ कांडी बाहेर आली. नवी असते बोटाएवढी जाड, वीतभर लांब. ही चघळून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी : मधली तार उघडी आणि तिला जागोजागी खरवडलेले गोळे चिकटलेले. जेमतेम चतकोर कांडी उरली असेल. अजून वर्षभर तशीच राहिली असती, तर टाकीवरच बेतलं असतं.

पण मग वास कशाचा? इथे मला हम्फ्री डेव्ही आठवला. १८२४ मध्ये त्याने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांना मारलेला तांब्याचा पत्रा झिजू नये म्हणून त्याला जस्त-लोखंडाचे तुकडे लावले. उपाय इतका लागू पडला की तांबं विरघळेनासं झालं आणि त्या विषाला भिऊन दूर राहणारे शिंपले जहाजाला बिनधास्त चिकटायला लागले. माझं तेच झालं. मॅग्नेशियम झिजताना हायड्रोजन सुटतो, आणि पाण्यातल्या सल्फेटवर जगणाऱ्या काही जिवाणूंना तो आयता मिळतो. ते त्यातून हायड्रोजन सल्फाइड करतात, म्हणजे सडकं अंडं. येताना एका कॅम्पवर विहिरीचं पाणी भरलं होतं आणि नंतर गाडी फिनिक्सला लेकीच्या दारात तीन आठवडे तशीच उभी होती. टाकी भरलेली, कोमट, अंधारी. जिवाणूंना आणखी काय हवं?

नळीला लांब चोच लावून मी टाकी आतून धूत बसलो, पोहे यायचे थांबेपर्यंत. क्षारासाठी व्हिनेगर भरून रात्रभर ठेवलं आणि सकाळी भरपूर पाण्याने धुऊन काढलं. त्यानंतरच ब्लीचचं पाणी, पंधरा गॅलनला पाव कप या मापाने. व्हिनेगर आणि ब्लीच एकमेकांना भेटले तर क्लोरीन वायू सुटतो, म्हणून मधल्या धुण्यात मी कंजूषपणा केला नाही. नवी कांडी ॲल्युमिनियम-जस्ताची घेतली. तिच्याबरोबर वासाचा त्रास कमी होतो.

हे चाललेलं असताना ही खुर्ची टाकून बाहेर बसली होती. बर्नरच्या नळीतून मी कोळ्याचं जाळं काढलं, तर म्हणाली, "बंबच आहे की हा!" खरंच होतं. साताऱ्याला आमच्याकडे तांब्याचा बंब होता, मधोमध नळी, तीत निखारे. इथे नळीत गॅसची ज्योत, एवढाच फरक. आई दर शनिवारी तो चिंचेने घासायची, आणि पाणी भरल्याशिवाय त्यात विस्तव पडू द्यायची नाही. आमच्या टाकीतल्या विजेच्या कॉइललाही तोच नियम : टाकी कोरडी असताना बटण दाबलं की काही क्षणांत ती जळून जाते. त्यामुळे आधी पाणी भरलं, आतला नळ फुर्रफुर्र करायचा थांबून सरळ धार लागल्यावरच गॅस सुरू केला. जाळं निघाल्यामुळे ज्योत पिवळी जाऊन निळी झाली.

तिसऱ्या दिवशी बाहेरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकायला लागला. "आता हे काय?" माझ्या पोटात गोळा आला, पण आजोबा हसले. टाकीच्या माथ्याशी हवेची थोडी पोकळी लागते, तापून फुगलेल्या पाण्याला तेवढीच जागा. ती हळूहळू पाण्यात विरते. टाकी गार करून, बाहेरचा नळ आणि पंप बंद करून, आतला नळ उघडा ठेवून, व्हॉल्व्हची दांडी पाणी वाहायचं थांबेपर्यंत उचलून धरली. ठिबकणं बंद.

हिने दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलंय : 'बंब धुतला, जानेवारी'. खाली पुढच्या वर्षांसाठी तीन रिकाम्या ओळीही आखल्यात. जुनी कांडी मात्र मला टाकू देत नाही. ती डॅशबोर्डवर गणपतीशेजारी पडलेली असते, आणि कोणी विचारलं की ही सांगते, "हे यांच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीचं स्मृतिचिन्ह."