विनोदी चित्रपट आणि मी

विनोदाला भाषा लागत नाही, असे आपण निबंधात नेहमी लिहितो. मला हे विधान अर्धेच खरे वाटते. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्यांच्या संगमावरचे भामरागड हे माझे गाव. घरची भाषा माडिया. मराठी मी आश्रमशाळेत शिकलो आणि मराठी विनोद त्याहूनही उशिरा.

सुट्टीच्या दिवशी आश्रमशाळेत टी.व्ही.वर चित्रपट दाखवीत. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मी तिथेच प्रथम पाहिला. साडी नेसलेले लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन पाहून आम्ही पोरे गडबडा लोळलो. तिथे भाषा लागली नाही. पण अशोक सराफांच्या संवादांना आधी सर हसत, मग सरांकडे पाहून आम्ही! दादा कोंडक्यांचे तर विचारूच नका. त्यांच्या बोलण्याला दोन अर्थ असतात म्हणे. आमची एकच अर्थ लावताना दमछाक होई.

पुढे कॉलेजसाठी मी स्वतः खोली शोधू लागलो, तेव्हा ‘बनवाबनवी’ नव्याने समजला. पुण्यात चार मित्रांना राहायला जागा नाही, जागा मिळते ती जोडप्यांना, म्हणून तर ती साडी! यामुळे हसू कमी झाले नाही, उलट ते जवळचे वाटू लागले.

गेल्या दिवाळीत मी आजीला मोबाईलवर चार्ली चॅप्लिनचा ‘द गोल्ड रश’ (१९२५) दाखविला. आजीला मराठीही येत नाही. बर्फातल्या झोपडीत भुकेला चार्ली बूट शिजवून खातो, बुटाचे खिळे हाडकासारखे चोखतो. आजी खूप हसली. मग थांबून तिने माडियात विचारले, “किती दिवसांचा उपाशी आहे हा?”

चित्रपटावरची इतकी नेमकी टीका मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. चार्ली उपाशी आहे, हे आधी दाखविले आहे. ‘सोंगाड्या’ (१९७१) मधला नाम्या भोळा आहे, पण त्याची आई आणि त्याचे तमाशाचे वेड आपल्याला ठाऊक असते. आपण त्याला हसतो आणि त्याच्या बाजूनेही असतो.

याउलट काही हिंदी चित्रपटांत नायक जंगलात वाट चुकतो आणि डोक्याला पिसे लावलेली माणसे भाले नाचवीत ओरडत येतात. त्यांना नाव नसते, घर नसते, भूकही नसते. वसतिगृहात असाच एक प्रसंग पाहताना सगळे हसले. एका मित्राने मला विचारले, “तुमच्याकडे असंच असतं का रे?” मी म्हणालो, “आमच्याकडे पिसं कमी, रेशनची रांग मोठी.” पुन्हा सगळे हसले. मित्राच्या मनात काही वाईट नव्हते. त्याने आमची माणसे पडद्यावर तेवढीच पाहिली होती.

आमच्या गावात माणसे कमी हसतात असे नाही. मोहफुले वेचताना, पुराने रस्ता बंद झाल्यावर, साहेबांचा प्रश्न दुभाष्याने भलताच करून सांगितल्यावर फार हसतात. हे विनोद अजून पडद्यावर यायचे आहेत. कधीतरी माडियात असा चित्रपट निघावा आणि तो आपण सर्वांनी मिळून पाहावा. तेव्हा आधी आजी हसेल, मग आजीकडे पाहून तुम्ही हसा.