घासलेला सांधा

मुलाच्या घरी राहावयास गेलेल्या म्हाताऱ्या बापाकडून कोणी फारशी अपेक्षा करीत नाही. नातीला बागेत फिरवून आणावे, सुनेच्या हातच्या जेवणाचे कौतुक करावे आणि उरलेल्या वेळी खिडकीशी बसून पाऊस पाहावा, एवढेच त्याचे काम. 2012 सालच्या मे महिन्यात मी व आमची मंडळी इंग्लंडात कव्हेंट्री शहरी मुलाकडे गेलो तेव्हा माझीही तयारी तेवढीच होती. पण पहिल्याच संध्याकाळी चहा झाल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, चला, तुम्हांला एक गंमत दाखवतो," आणि घरामागच्या गॅरेजचे दार त्याने वर उचलले.

आत मोटार नव्हती. फळ्यांचा एक सपाट मंच होता आणि त्यावर चौकोनी लोखंडी नळ्या जोडून केलेला एक लांबट सांगाडा, कोंबड्यांच्या खुराड्यासारखा, उभा होता. मागच्या अंगणात ताडपत्रीखाली एक जुनी फोर्ड सिएरा गाडी होती. तिचे इंजिन, चाके, मागचा डिफरन्शियल, स्टिअरिंग, सारे काही काढून नीट मांडून ठेवले होते. "यातून दोन माणसांची, शर्यतीच्या धर्तीची गाडी होणार," मुलगा म्हणाला. "खर्च अडीच हजार पौंडांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं तुमच्या सुनेला वचन दिलंय."

मी बेळगावच्या उद्यमबागेत आयुष्याची अनेक वर्षे लोखंड कापण्यात व जोडण्यात घालविलेला माणूस. मुलगा कारखान्यात नकाशे काढतो. कागदावरची त्याची रेघ सुरेख, पण हातात वेल्डिंगची पकड त्याने चाळिशीनंतर प्रथमच धरलेली. त्यामुळे मला आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली.

घरच्या घरी मोटार बनविण्याची ही कल्पना आपल्याकडे नवलाची वाटेल, पण त्या देशात ती जुनी आहे. कॉलिन चॅपमन या तरुण अभियंत्याने 1948 साली लंडनमध्ये, आपल्या भावी पत्नीच्या माहेरच्या गॅरेजमध्ये, एका जुन्या ऑस्टिन सेव्हन गाडीवर आपली पहिली मोटार उभारली. पुढे त्याच्या लोटस कंपनीने 1957 साली 'सेव्हन' नावाची एक बिनदाराची, उघडी, अत्यंत हलकी गाडी काढली. त्या काळी इंग्लंडात तयार मोटारीवर जबर खरेदी कर असे. मात्र सुटे भाग घेऊन गिऱ्हाइकाने स्वतः गाडी जोडली तर तो कर लागत नसे. म्हणून कित्येकांनी सेव्हन गाडी पेट्यांतून घरी नेली व अंगणात जोडली. सोबत जोडणीच्या सूचना देण्यास मनाई होती, म्हणून कंपनी गाडी सोडविण्याच्या सूचना देई व लोक त्या शेवटून वाचीत, अशी कथा तिकडे अजून हसत सांगतात. 1973 साली तो करही गेला आणि त्याच वर्षी ती गाडी बनविण्याचा हक्क केटरहॅम कंपनीकडे गेला.

ज्यांच्या खिशाला ती पेटीही परवडत नव्हती त्यांच्यासाठी रॉन चॅम्पियन या गृहस्थाने 1996 साली एक पुस्तक लिहिले. लोखंडाच्या नळ्या विकत घ्याव्या, सांगाडा स्वतः जोडावा, बाकीचे भाग एखाद्या जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधून काढावे आणि अडीचशे पौंडांत गाडी उभी करावी, असा त्याचा मार्ग. पुढे जुन्या एस्कॉर्ट गाड्या दुर्मिळ व महाग झाल्या; तेव्हा 2007 साली ख्रिस गिब्ज यांनी सिएराचे भाग बसतील असा नवा नमुना पुस्तकरूपाने दिला. सिएराचे इंजिन पुढे असते व जोर मागच्या चाकांना जातो, म्हणून ती अशा कामास सोयीची. माझा मुलगा याच पुस्तकावरून काम करीत होता.

या गाडीचे सारे रहस्य हलकेपणात आहे. वजन कमी असले की लहान इंजिनही तिला चपळाईने पळविते, ब्रेक लवकर धरतात, टायर कमी झिजतात, वळणावर ती बाहेर ओढ घेत नाही. आपल्याकडची जुनी मारुती 800 डोळ्यांपुढे आणा. मुलाची गाडी वजनाला जवळजवळ तेवढीच भरणार होती, पण मारुतीचे इंजिन एक लिटरहूनही कमी, तर हिचे दोन लिटरचे. मात्र हलके म्हणजे तकलादू नव्हे. आपल्या कौलारू घराच्या छपराला कैची असते. तिच्यात तिरपे वासे घालून त्रिकोण साधलेले असतात. चौकोन ढिल्या खाटेसारखा कलतो, त्रिकोण कलत नाही. या सांगाड्यातही तिरप्या नळ्या घालून असेच त्रिकोण केलेले होते. नळी 25 मिलिमीटर रुंद आणि तिची भिंत जेमतेम दीड मिलिमीटर जाड. इतक्या पातळ लोखंडाचे सारे बळ सांध्यात असते. सांधा खरा, तर गाडी खरी.

आम्ही बापलेक रोज संध्याकाळी कामाला लागत असू. आधी नळ्यांना नुसते टाके मारावयाचे, मग कर्ण मोजून चौकट काटकोनात आहे ना हे पाहावयाचे, आणि नंतरच पूर्ण वेल्ड भरावयाचे. तेही एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, म्हणजे उष्णतेने सांगाडा वाकत नाही. खर्चाच्या बाबतीतही मी पुष्कळ शिकलो. लोखंड स्वस्त पडते. पैसा खातात त्या ब्रेकच्या नळ्या, दिवे, तारा, बोल्ट यांसारख्या बारीक वस्तू. सिएराची दारे, काचा व खुर्च्या विकून मुलाने तिच्या किमतीचा बराच भाग परत मिळविला. जुने इंजिन चालेल, पण जुने टायर व जुने पट्टे चालणार नाहीत, हा त्याचा नियम मला आवडला.

अकरा वर्षांची नात शाळेतून आली की त्या सांगाड्यात जाऊन बसे. "आजोबा, पहिल्या फेरीला पप्पांच्या शेजारी मीच," असे ती रोज बजावीत असे.

जूनच्या अखेरीस एके दिवशी मुलगा कामावर गेला असता मी सहज गॅरेजमध्ये गेलो. बसण्याच्या जागेमागे एक आडवी नळी असते. खांद्यावरून येणारे सुरक्षेचे पट्टे तिला बांधतात. टक्कर झाली तर माणसाचा सारा भार तिच्यावर येतो. त्या नळीच्या टोकाशी माझे बोट गेले. इतर सांध्यांवर वेल्डची रेघ माशाच्या खवल्यांसारखी खडबडीत लागत होती. हा सांधा मात्र काचेसारखा गुळगुळीत होता आणि त्यावर तांबडा रंग दिलेला होता. मी खिडकीच्या तिरप्या उजेडात निरखून पाहिले. रंगाखाली सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांची एक ओळ दिसली. वेल्ड आत उतरलेच नव्हते. ते नुसते वर बसले होते, आणि ग्राइंडरने घासून ते झाकले होते.

मला हे इतक्या लवकर ओळखता आले याचे कारण सांगताना आजही लाज वाटते. असाच सांधा मी स्वतः एकदा घासला होता.

ती 1981 सालची गोष्ट. मी तेव्हा बेळगावबाहेर रस्त्याकडेच्या एका लहान वर्कशॉपात होतो. उसाचा हंगाम जोरात होता. संध्याकाळी एक ट्रॉली आली. ट्रॅक्टरला जोडण्याचा तिचा दांडा तडकला होता. विजेचा दाब कमी, ठिणगी नीट धरत नव्हती, आणि गाडीवाला घाईला आलेला. वेल्ड बसले नाही हे मला कळले होते. तरी मी ते घासून साफ केले, वर काळा रंग दिला आणि पैसे घेतले. आठव्या दिवशी भरल्या ट्रॉलीचा दांडा उतारावर तुटला. ट्रॅक्टरबरोबर असलेल्या एका पोराचा पाय तिच्याखाली सापडला. ट्रॉलीत ऊस प्रमाणाबाहेर भरला होता, असे सर्वजण म्हणाले, आणि ते खरेही होते. त्या खऱ्याच्या आड मी उभा राहिलो. इस्पितळात केळी घेऊन त्याला भेटावयास गेलो, पण तोंड उघडले नाही. तो पोरगा जन्माचा लंगडा झाला. पुढे बाजारात भेटला की मला "दादा" म्हणून हाक मारी, आणि त्या हाकेने मी आतल्या आत चिरला जाई. ही गोष्ट मी आमच्या मंडळींस सांगितली नव्हती, मग मुलाला कोठून सांगणार? उलट, बापाच्या हातचे काम कधी परत आले नाही, असेच ऐकत तो मोठा झाला होता.

त्या संध्याकाळी मी त्याला म्हणालो, "हा सांधा कापावा लागेल."

त्याने मान खाली घातली. जरा वेळाने म्हणाला, "मला ठाऊक होतं, बाबा. पण तुम्ही येणार होतात. तुम्ही बघाल आणि म्हणाल, याला एवढंही जमत नाही. म्हणून घासला. मागाहून गुपचूप नीट करीन म्हटलं, मग ते राहूनच गेलं."

त्याच्या मनात माझी जी मूर्ती होती तिच्या भीतीनेच त्याने ते पाप झाकले होते, आणि ती मूर्ती खोटी होती. मग मात्र मला गप्प बसवेना. गॅरेजमधल्या उलट्या बादलीवर बसून मी त्याला त्या ट्रॉलीची, त्या पोराची आणि केळ्यांची सारी हकीकत सांगितली. तो मध्ये एक शब्दही बोलला नाही. शेवटी उठला, ग्राइंडर घेतला आणि म्हणाला, "तुम्ही नळी धरा. मी कापतो."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुन्हा मुळापासून सुरुवात केली. उरलेल्या नळीचे तुकडे जोडावयाचे, वाइसमध्ये आवळावयाचे आणि तुटेपर्यंत हातोड्याने ठोकावयाचे. सांध्यात तुटले तर वेल्ड खोटे. सांधा शाबूत राहून शेजारची नळी फाटली तर वेल्ड खरे. पहिले सहा तुकडे सांध्यात तुटले. सातव्या तुकड्याची नळी फाटली तेव्हा मुलगा लहानपणी हसे तसा हसला. मग सांगाड्याचा एकूण एक सांधा आम्ही तपासला व आणखी पाच कापून नव्याने भरले. तीन आठवडे गेले, लोखंडाचा खर्च वाढला, सुनेला दिलेले वचन मोडले. तिने कारण ऐकले आणि पैशांबद्दल पुन्हा विचारले नाही.

ऑक्टोबरात गाडी अर्धीच टाकून आम्ही परत आलो. आल्यावर पंधरा दिवसांतच मी त्या पोराच्या गावी गेलो. पोर कसले, तोही आता पन्नाशीला आलेला गृहस्थ. ओसरीवर बसून मी त्याला एकतीस वर्षांपूर्वीचा माझा अपराध सांगितला. तो बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिला. त्याने मला क्षमा केली की नाही हे मी विचारले नाही; तो विचारण्याचा हक्क मला नव्हता. त्याने आत हाक मारून चहा मागविला आणि आम्ही दोघांनी तो मुकाट्याने घेतला.

मुलाची गाडी 2013 च्या उन्हाळ्यात पुरी झाली. खर्च तीन हजार पौंडांवर गेला. तिकडे घरी बनविलेल्या गाडीस रस्त्यावर येण्यापूर्वी सरकारी तपासणी द्यावी लागते; ब्रेक, दिवे, धूर, आवाज, पट्ट्यांचे बांध, इतकेच काय, बाहेर आलेल्या कडा पुरेशा गोल आहेत की नाहीत हेही पाहतात. पहिल्या वेळी दोन कडांपायी ती नापास झाली, दुसऱ्या वेळी उतरली. हे वाचून आपल्या एखाद्या हौशी मुलाचे हात शिवशिवतील, म्हणून सांगून ठेवतो: आपल्या देशात 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाडीचा नमुना पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि ते एकट्या माणसाच्या आवाक्यातले काम नव्हे. वेल्डिंग मात्र अवश्य शिकावे.

2014 साली आम्ही पुन्हा गेलो. पहिल्या फेरीचा मान नातीने केव्हाच घेतला होता; मला दुसऱ्या कोणत्या तरी फेरीत जागा मिळाली. दार नाही, छप्पर नाही, रस्ता हाताशी लागेल इतक्या खाली बसणे. वारा असा की डोळ्यांतून पाणी यावे. मुलाने माझा पट्टा आवळून पाहिला व इंजिन चालू केले. निघण्यापूर्वी मी हात मागे नेऊन त्या आडव्या नळीचे टोक चाचपले. रंग चांगला दोन हात दिलेला होता, तरी त्याखाली माशाच्या खवल्यांसारखी खडबडीत रेघ बोटांना लागली. तो सांधा त्याने घासला नव्हता.

"काय बघता, बाबा?" त्याने विचारले.

"काही नाही. चल," मी म्हणालो.