तुरट चवीची सोबत

‘तुरट’ हा शब्द तुम्हाला कोणी मुद्दाम शिकवला नसेल. जांभळे खाऊन जीभ आखडली, हिरडा चघळला किंवा कच्चे केळे दाताखाली आले, तेव्हाच तो तुमचा झाला. आयुर्वेदाने सहा रसांमध्ये ‘कषाय’ म्हणून त्याला स्थान दिले. आधुनिक शरीरविज्ञान मात्र गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी यांना मूळ चवी मानते व तुरटपणाला मुख्यतः स्पर्शाची संवेदना समजते. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील ‘मादिराँ’ या तांबड्या वाइनविषयी लिहिताना मला आपला हा जुना शब्दच सर्वाधिक उपयोगी वाटतो. तुम्ही वाइन घेत असा वा नसा, तिची चव समजण्याचे साधन तुमच्यापाशी आहे.

पिरेनीज पर्वताच्या उत्तरेस, गास्कनी प्रांतात मादिराँ हे गाव आहे. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाइनला १९४८ साली उगमस्थानाची अधिकृत मान्यता मिळाली. तिचे मुख्य द्राक्ष म्हणजे ‘तान्ना’. त्याच्या सालीत व बियांत टॅनिन हे तुरट द्रव्य विपुल असते. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, लाळेचे वंगण कमी पडते आणि जीभ खरखरीत होते. ही धार वर्षानुवर्षांच्या साठवणीने मऊ होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी पात्रिक द्युकुर्नो या तेथीलच वाइन उत्पादकाने वाइनमध्ये अत्यल्प प्रमाणात प्राणवायू सोडून ती लवकर मवाळ करण्याची पद्धत विकसित केली. तेथील स्वयंपाकघराला मात्र आणखी एक उपाय फार पूर्वीपासून ठाऊक होता.

त्या प्रांतात मी काही दिवस एका वृद्ध बाईंच्या घरी राहिलो होतो. त्यांनी बाटली दुपारीच उघडून ठेवली. पण जेवण समोर येईपर्यंत पेला माझ्या हाती दिला नाही. प्रथम कोबी, पांढरा घेवडा आणि डुकराचे खारवलेले मांस यांचे दाट सूप आले. तळाशी उरलेल्या रश्शात त्यांनी थोडी वाइन ओतली आणि वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला. या जुन्या ग्रामीण रीतीला ‘शाब्रो’ म्हणतात. मग बदकाची तंगडी आली. मीठ लावून, बदकाच्याच चरबीत मंद आचेवर शिजवून, त्याच चरबीखाली टिकवलेल्या या पदार्थाला ‘कॉन्फी’ असे नाव आहे. चरबीने ओशट झालेले तोंड एका घोटाने मोकळे झाले आणि त्या घोटाचा राठपणा चरबीने निवला. दोघांनीही आपापला अतिरेक सोडला होता.

पती गेल्यापासून त्या ही बाटली पाहुणा आल्यावरच उघडत. “ही एकट्याने प्यायची वाइन नव्हे,” त्या म्हणाल्या. ते वाक्य वाइनविषयी होते, तेवढेच त्यांच्याविषयीही होते.

अर्थात, प्रत्येक सोबत मानवतेच असे नाही. मेंढीच्या दुधाचे तेथील ‘ओसो-इराती’ चीज या वाइनशी जुळते. माशाबरोबर मात्र तिला अनेकदा धातूसारखी चव येते, आणि तिखटाचा दाह तिच्यातील टॅनिनने व मद्यार्काने वाढतो. तेव्हा ताटात मालवणी रस्सा असेल, तर मादिराँ दूरच बरी.

भोजनाचा आरंभ मधुर रसाने करावा, मध्ये आंबट व खारट घ्यावे आणि उरलेले रस शेवटी, असा क्रम सुश्रुतसंहितेत सांगितला आहे. आपल्याकडे विड्यातील कात-सुपारीच्या रूपाने तुरट चव जेवण आटोपल्यावर येते. गास्कनीत ती जेवणाच्या मध्यभागी, चरबीच्या शेजारी बसते. रस तोच, पंगतीतले स्थान वेगळे.

म्हणून एखाद्या पदार्थाची चव लिहाल, तेव्हा ‘छान’ किंवा ‘उत्तम’ या शब्दांपाशी थांबू नका. जिभेला नेमके काय झाले ते लिहा. तो पदार्थ कशासोबत खाल्ला, आणि शेजारी कोण होते, तेही लिहा.