जमातीत बोलतो, ग्रामसभेत का नाही?

मुरूडपासून श्रीवर्धनपर्यंत आमच्या मोहल्ल्यांत जमातीची सभा असली की मशिदीचं अंगण भरतं. जकात कुणाला द्यायची, कुठल्या बेवेला रेशन पोचवायचं, यावर तास-तास बोलणं होतं. पण यातल्याच अनेकांना गावची ग्रामसभा कधी झाली, याचा पत्ता नसतो.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, जे कमी असतील तेवढे लागतात. ते आले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे आपण गेलो नाही म्हणून काही अडत नाही. आपल्याशिवाय ठराव होऊन जातो. 2011 च्या गणनेवरून आलेली पंतप्रधान आवास योजनेची यादी ग्रामसभेनेच तपासायची होती. कुणाचं छप्पर खरंच गळतं, हे शेजाऱ्याने उठून सांगायचं असतं. शेजारी घरी बसला, तर कागद सांगेल ते खरं.

"पुरुष आखातात, मग जाणार कोण?" असं लोक विचारतात. घरात बायका आहेत ना! ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. पंचायतीच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आहेत. बाजारात मासळीचा भाव करणारी बाई सभेत गप्प बसणार नाही. तिला वेळ तर कळू द्या.

लोक उभे राहिले की काय होतं, हे आपल्या जिल्ह्याने पाहिलंय. सेझला जमीन द्यायची की नाही, यावर 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातल्या 22 गावांत सरकारला शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. तो सेझ तिथे उभा राहिला नाही.

कुरआनात 'शूरा' नावाची सूरह आहे. ईमानवाल्यांचा कारभार आपसांतल्या सल्ल्याने चालतो, असं तिच्यात सांगितलंय. हा सल्ला मशिदीच्या भिंतीपुरता कसा असेल? जकातीने काही दिवस चूल पेटते. घरकुल, नळाचं पाणी, रोजगार हमीचं काम यांचा निर्णय मात्र पंचायतीच्या वहीत लिहिला जातो. म्हणून जुम्याच्या नमाजनंतर ग्रामसभेची तारीखही सांगितली जावी. आणि ज्या घरी आपण जकात पोचवतो, त्या घराचं नाव घेऊन सभेत एकाने तरी उभं राहावं.